बावीस मिनिटं

वरळीच्या कठड्याला हात टेकून
दहा किलोमीटर संपवले, तेव्हा अठ्ठावन्न मिनिटं झाली होती.
मी वजनमापे खात्यात, एकवीस वर्षं.
भायखळ्याच्या भाजीवाल्यांचे काटे,
पंपावरचं पाच लिटरचं माप,
ससून डॉकच्या कोळणींचे तराजू
(त्या आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात,
मग काटा पुढे सरकवतात),
सगळ्यांवर माझा शिक्का.
तेव्हा अठ्ठावन्नला मी उभ्या उभ्या
चार पूर्णांक बावीसने गुणलं.
पूर्ण मॅरेथॉन: चार तास पाच मिनिटं.

कुटिन्हो मास्तर हसले नाहीत.
अग्निशमन दलात तीस वर्षं जिने चढलेला माणूस.
म्हणाले, "बाई, पहिला मजला वीस सेकंद.
म्हणून विसावा चारशे सेकंद, असं म्हणणारा
आम्हाला पंधराव्यावर बसलेला सापडायचा."
माझंच पावतीपुस्तक उलटं करून
त्यांनी अंतराचं गुणोत्तर मांडलं,
त्याच्या डोक्यावर, उजवीकडे, बारीक अक्षरात:
एक पूर्णांक शून्य सहा.
"अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट,
आणि वर शेकडा सव्वाचार. चक्रवाढीने."
चार तास सत्तावीस.

बावीस मिनिटं.
रात्री कुशीवर वळून मी तीच मोजत राहिले.
रस्ता तोच, किलोमीटर हजार मीटरचाच,
मग ही येतात कुठून?
मापात पाप असतं तर पकडलं असतं,
दंडाची पावती फाडली असती.
पण ती एका जागी सापडतच नाहीत.
एक सेकंद माहीमला सांडतो,
दोन पाण्याच्या पेल्यापाशी,
एक मोज्याच्या शिवणीत अडकतो,
आणि पंचविसाव्यानंतर
प्रत्येक पाऊल किंचित हलकं भरतं,
तराजूखाली चिंच चिकटवल्यासारखं,
फक्त इथे दुकानदारही मी
आणि गिऱ्हाईकही.

फ्रिजवर चिठ्ठी लावली सुबोधसाठी:
पेडर रोड, चढाचा माथा, छत्तिसावा किलोमीटर,
सकाळी आठ अठ्ठेचाळीस.
मीठ. संत्रं सोलून. कोरडा रुमाल.
त्याने वाचली, "बरं" म्हणाला,
आणि दूध आत ठेवलं.

जानेवारी, पहाटे पाच.
विसापर्यंत मी मास्तरांच्या आकड्याला धरून होते,
सुईला दोऱ्यासारखी.
तिसाव्यावर घड्याळ बघणं सोडलं.
हाजी अलीच्या वळणावर एक परका मुलगा ओरडला,
"काकू, झालंच आता!"
झालं नव्हतं. मी आकडेमोड करायला गेले
तर साताचा पाढाच आठवेना.
आणि मग तो चढ,
जो टॅक्सीतून कधी चढ वाटला नव्हता.

माथ्यावर पोचले तेव्हा नऊ वाजून सहा.
सुबोध उभा होता. संत्रं अर्धंच सोललेलं,
साल अजून बोटाला लोंबत होती.
"किती वेळ ताटकळलास?"
"नाही गं. आत्ताच आलो."
"पण मी आठ अठ्ठेचाळीस लिहिलं होतं."
"हो ना," तो म्हणाला, "तू लिहिलं होतंस.
म्हणून मी नऊ पाच धरले."

चोवीस वर्षं "पाच मिनिटांत आवरते" ऐकत
चपला घालून दारात उभं राहून
या माणसाने स्वतःचा घातांक काढला होता.
कुठे लिहिलेला नाही,
माझ्या खात्याकडे पडताळणीला आलेला नाही,
आणि मास्तरांपेक्षा नेमका.

मीठ चाटलं. रुमाल विसरला होता तो.
सहा किलोमीटर उरले होते, वर थोडे.
"आता किती वाजता पोचेन?"
त्याने घड्याळाकडे नाही, माझ्या पायांकडे पाहिलं.
"जेवायच्या आधी," म्हणाला,
आणि शेवटची फोड
स्वतःच्याच तोंडात टाकली.